जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या दोन मेट्रो मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात, त्या स्थानकाबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न ओळखीपाळखीच्यांचे आहेत, काही सरकत्या जिन्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांचे. तिकिटाचे दर आणि गाड्यांच्या वेळा यात नाहीत, त्या बदलत राहतात. स्थानक असं का आहे, एवढंच इथे आहे.

सिव्हिल कोर्ट आणि जिल्हा न्यायालय ही दोन वेगळी स्थानकं आहेत का?

नाही, एकच. आराखड्यात आणि उद्घाटनाच्या वेळी नाव ‘सिव्हिल कोर्ट’ होतं, नंतर ‘जिल्हा न्यायालय’ झालं. पाट्या आणि घोषणा नव्या नावाने, रिक्षावाले आणि प्रवासी जुन्या नावाने. पुण्यात हे असंच चालतं. मुठेवरचा शिवाजी पूल १९२३ साली झाला आणि शंभरी उलटली तरी त्याला ‘नवा पूल’ म्हणणारे आहेतच. त्या हिशेबाने ‘सिव्हिल कोर्ट’ अजून दोन पिढ्या तरी कुठे जात नाही.

नावांची अशी अदलाबदल पुढच्या-मागच्या स्थानकांतही झाली. आराखड्यातलं ‘बुधवार पेठ’ आता ‘कसबा पेठ’ आहे आणि ‘भोसरी’चं ‘नाशिक फाटा’ झालं. जुना नकाशा हातात असेल तर गोंधळू नका.

पण शिवाजीनगर स्थानक हेच ना?

हेही नाही. शिवाजीनगर हे आधीचं, वेगळं भुयारी स्थानक. जुन्या एसटी स्टँडच्या आणि रेल्वे स्थानकाच्या बाजूला. (तो स्टँड मेट्रोच्या कामासाठीच २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला.) रेल्वेची लोकल पकडायची तर शिवाजीनगरला उतरा. मार्गिका बदलायची किंवा कोर्टात जायचं तर जिल्हा न्यायालय. परिसर दोन्हीकडे शिवाजीनगरचाच, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याचा, म्हणून घोळ होतो.

इथे कोणत्या मार्गिका भेटतात?

जांभळी आणि निळसर, म्हणजे पर्पल आणि अ‍ॅक्वा.

जांभळी ही मार्गिका १, पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट. पिंपरीकडून ती खांबांवरून येते, कृषी महाविद्यालयाच्या आवारात जमिनीखाली शिरते आणि स्वारगेटपर्यंत वर येत नाही. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही तिची पाच भुयारी स्थानकं.

निळसर ही मार्गिका २, वनाज ते रामवाडी, सगळी उन्नत. कोथरूडकडून कर्वे रस्त्याने गरवारे महाविद्यालयापर्यंत यायचं, मग डेक्कनपासून मुठेच्या काठाने महापालिका भवन, तिथून जिल्हा न्यायालय आणि पुढे मंगळवार पेठ, पुणे रेल्वे स्थानक, येरवडा, कल्याणीनगर.

एक मार्गिका डोक्यावर, दुसरी पायाखाली, आणि मध्ये तुम्ही. महापालिका भवनाकडून येऊन मंडईला जाणारा माणूस इथे आकाशातून उतरतो आणि थेट पाताळात जातो.

दोन्ही मार्गिका एकाच पातळीवर का नाहीत? चढउतर तरी वाचली असती.

कारण दोघींच्या वाटेत आलेलं पुणं वेगळं आहे. जांभळीला पेठांतून जायचं होतं. कसबा, बुधवार, शुक्रवार या पेठांत रस्ते अरुंद, वाडे एकमेकांना खेटून. तिथे खांब रोवायला जागा नाही आणि रोवले असते तर गणपतीच्या मिरवणुकीने ते पाडले असते. म्हणून ती खाली गेली. निळसर मार्गिकेला कर्वे रस्ता, नदीकाठ आणि पुढे रुंद रस्ते मिळाले, म्हणून ती वर राहिली. भुयारी काम उन्नत कामाच्या कितीतरी पट महाग पडतं, त्यामुळे जिथे वरून जाणं शक्य आहे तिथे कोणी खाली जात नाही. नुसत्या जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी टप्प्याचा खर्च सुमारे १,८१० कोटी रुपये आहे.

उन्नत म्हणजे बिनत्रासाची, असंही नाही. नदीपात्रालगतच्या सुमारे १.७ किलोमीटर अंतरावर आक्षेप घेतले गेले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पुढे येरवड्यानंतर आगाखान पॅलेस या संरक्षित वास्तूच्या जवळून जायला नको म्हणून ती कल्याणीनगरकडे वळवली गेली. नकाशात दिसणारं प्रत्येक वळण कोणीतरी भांडून मिळवलेलं असतं.

हे स्थानक इतकं खोल का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझ्या मते या स्थानकाचा सगळा खुलासा त्याच्याच उत्तरात आहे. उत्तर एका शब्दाचं आहे: मुठा.

नकाशा समोर धरा. स्थानक मुठेच्या डाव्या तीरावर आहे. कसबा पेठ उजव्या तीरावर, शनिवारवाड्याच्या बाजूला. गाडी जिल्हा न्यायालयाहून निघाली की लगेच नदी. आता बोगदा नदीखालून न्यायचा तर तो पात्राला चिकटून नेता येत नाही. तळ आणि बोगद्याचा माथा यांमध्ये भक्कम खडकाचा पुरेसा जाड थर ठेवावा लागतो, नाहीतर पाणी झिरपण्याची आणि खणताना माथा सुटण्याची भीती. म्हणजे नदीखाली बोगदा बराच खोल हवा.

ठीक आहे, मग नदीजवळ आल्यावर खोल जाऊ, स्थानक वर ठेवू, असं का नाही केलं? कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक. मोटारीसारखी मेट्रो घाटात उतरत नाही. शंभर मीटर अंतर कापताना ती फार तर तीन-चार मीटर खाली-वर करू शकते. स्थानक आणि नदी यांच्यात अंतरच इतकं थोडं की डुबकी मारायला वाव नाही. मग स्थानकच खाली न्यायचं. त्याचा सर्वांत खोल भाग जमिनीपासून ३३.१ मीटरवर आहे, म्हणजे १०८.५९ फूट. दहा-अकरा मजली इमारत उलटी करून जमिनीत खुपसली तर तिची गच्ची जिथे टेकेल, तिथे फलाट.

आणि गंमत पुढे आहे. निळसर मार्गिकासुद्धा इथून मंगळवार पेठेकडे जाताना मुठाच ओलांडते, संगमाच्या जरा अलीकडे. म्हणजे या एका स्थानकातून निघालेल्या दोन गाड्या एकच नदी पार करतात, एक पाण्यावरून आणि एक पाण्याखालून. वरच्या गाडीतल्याला नदी दिसते. खालच्याला काहीच दिसत नाही, पण स्थानकात जो लांबच लांब जिना उतरावा लागला, ती त्याच नदीची खूण.

देशातलं सर्वांत खोल मेट्रो स्थानक हेच ना?

‘सर्वांत खोल स्थानकांपैकी एक’ एवढंच म्हणा आणि पैज लावू नका. दिल्लीचं हौज खास २९ मीटरवर आहे, त्यापेक्षा आपलं खोल हे खरं. पण कोलकात्यात हुगळीखालून मेट्रो गेली आणि तिथलं हावडा स्थानकही याच तोडीचं खोल आहे, कारणही तेच, नदी. योगायोग असा की ६ मार्च २०२४ ला ज्या कार्यक्रमात हुगळीखालचा टप्पा सुरू झाला, त्याच कार्यक्रमात आपला रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पाही सुरू झाला. पुण्यात मात्र यापेक्षा खोल स्थानक नाही.

फलाटावर सूर्यप्रकाश येतो म्हणतात. खरंच?

खरंच येतो आणि तोच या वास्तूचा सर्वांत चांगला भाग आहे.

बहुतेक भुयारी स्थानकं म्हणजे बंद पेटी. खणा, भिंती आणि मजले बांधा, वर जाड स्लॅब टाका, त्यावर पुन्हा रस्ता करा. खाली गेलं की दिवस-रात्र कळत नाही. इथे तसं करावं लागलं नाही, कारण या खड्ड्यावर रस्ता किंवा कोणाचं घर नव्हतं, मोकळी जागा होती. म्हणून वर स्लॅबऐवजी सुमारे ९५ फूट उंचीचं छत आलं आणि ते असं रचलं की उजेड थेट फलाटापर्यंत उतरावा.

जुन्नरहून कोर्टाच्या तारखेला आलेल्या माझ्या मामांना पहिल्यांदा इथून नेलं, तेव्हाची गोष्ट. फलाटावर उभे राहून मी म्हटलं, “मामा, आपण आत्ता शंभर फूट जमिनीखाली आहोत.” त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “उगा थापा नको मारू. मग हे ऊन कुठनं आलं?” स्थापत्यकारांना याहून चांगली पावती मिळणार नाही.

मामांनी नंतर जे म्हटलं ते मला जास्त पटलं. “बारवेवानी आहे,” ते म्हणाले. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर: वरून उघडी, टप्प्याटप्प्याने खाली उतरणारी, तळाशी गारवा आणि वर आभाळाचा तुकडा. तिथे पायऱ्या उतरून पाण्यापाशी जायचं, इथे सरकते जिने उतरून गाडीपाशी. आराखडा करणाऱ्यांच्या मनात बारव होती असा माझा दावा नाही. पण दख्खनच्या माणसाला खोल खड्ड्यात उजेड पाहिला की बारवच आठवणार.

सकाळी नऊच्या आतली गर्दी टाळून, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान ऊन डोक्यावर असताना जा. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी जाऊन ‘कुठे आहे उजेड’ असं विचारू नका.

इथे आधी काय होतं?

सरकारी धान्य गोदामं. कामगार पुतळ्याकडून कोर्टाकडे जाताना लागणारी ती बसकी, लांबलचक गोदामं आणि बाहेर उभे राहणारे ट्रक जुन्या लोकांना आठवत असतील. रेशनचं धान्य इथे उतरायचं. गोदामं हलली आणि जागा मेट्रोला मिळाली. पुण्याच्या मधोमध ११.१७ एकरांचा सलग तुकडा मिळणं ही आजच्या काळात लॉटरीच. उजेडाचं छत, ऐसपैस दालनं, वर-खाली दोन स्थानकं एकत्र बसवणं, हे सगळं त्या जागेमुळे जमलं. मंडईला किंवा कसब्याला अशी मुभा नव्हती.

त्याच परिसरातली कामगार पुतळा वसाहत मात्र उठवावी लागली आणि तिथल्या कुटुंबांचं पुनर्वसन शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसर आणि विमाननगरकडे झालं. स्थानकाच्या कौतुकाच्या लेखांत हे वाक्य सहसा नसतं, म्हणून इथे लिहिलं.

बोगदा कसा खणला? सुरुंग लावून?

बोगदा यंत्राने, टीबीएमने, म्हणजे टनेल बोअरिंग मशीनने. स्थानकाचा खड्डा मात्र वरून उघडा खणला.

टीबीएम म्हणजे लोखंडाचा भलाथोरला गांडूळ समजा. तोंडाशी गोल चकती, तिच्यावर खडक कुरतडणारे दाते. चकती फिरते, खडकाचा चुरा होतो, चुरा मागे पट्ट्यावरून बाहेर जातो. यंत्र पुढे सरकलं की मागच्या भागात काँक्रीटचे आधीच ओतून ठेवलेले वक्र तुकडे जोडून पूर्ण कडं तयार करतात. कडं आणि खडक यांच्यातली फट सिमेंटच्या मिश्रणाने भरायची आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुन्हा पुढे. दोन तुकड्यांच्या सांध्यात रबराची पट्टी असते, पाणी अडवायला. नदीखालीही हेच, फक्त जीव जास्त मुठीत धरून.

पुण्याचा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. कुरतडायला कठीण, पण एकदा जागा केली की उभा राहणारा. ही गोष्ट पुण्याला नवी नाही. या स्थानकापासून थोड्या अंतरावर, जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचं लेणं आहे. राष्ट्रकूट काळातलं, आठव्या शतकातलं. तेही जमिनीच्या पातळीखाली, त्याच काळ्या पाषाणात वरून खाली कोरत नेलेलं. मधल्या बाराशे वर्षांत छिन्नीची चकती झाली, इतकंच.

कृषी महाविद्यालयातून पहिलं यंत्र नोव्हेंबर २०१९ मध्ये निघालं. मध्ये कोविड आला, मजूर गावी गेले, परत आले. ४ जून २०२२ ला शेवटचं यंत्र कसबा पेठेत खडक फोडून बाहेर आलं आणि जाणारा-येणारा असे दोन्ही मिळून सुमारे बारा किलोमीटरचं खोदकाम संपलं.

यंत्रांना नद्यांची नावं दिली होती म्हणे?

हो. मुळा, मुठा आणि पवना. मुळा-मुठा कृषी महाविद्यालयाकडून सोडल्या, पवना स्वारगेटकडून. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या तीन नद्यांची नावं तीन यंत्रांना देणं ही कल्पना छानच. आणि मुठेखालून बोगदा नेणाऱ्या यंत्रालाच मुठेचं नाव, हे तर एखाद्या उखाण्यात शोभावं.

खणताना काही सापडलं का? खजिना, भुयार, वगैरे?

खजिना नाही. मंडईच्या खड्ड्यात हत्तीची हाडं सापडली. स्वारगेटला जुन्या बांधीव भुयाराचा भाग लागला, तो पाणी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेचा. दोन्ही २०१९ मधलं. ‘शनिवारवाड्यातून पर्वतीला जाणारा गुप्त मार्ग’ या पुण्याच्या आवडत्या गोष्टीला त्या दिवसांत पुन्हा भरती आली होती.

खरं सांगायचं तर गुप्त मार्गापेक्षा जमिनीखालचं खरं पुणं जास्त मोलाचं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा बांधीव नळ जमिनीखालून आला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. हवा सुटायला, गाळ बसायला आणि माणसाला आत उतरून साफसफाई करायला. आज स्वारगेट ते कसबा पेठ हा मेट्रोचा टप्पा ढोबळमानाने त्याच दिशेने जातो आणि मेट्रोच्या भुयारी स्थानकांनाही हवेचे झरोके लागतातच. नाव बदललं, वेंटिलेशन शाफ्ट म्हणतात.

मुठेखालून जाताना कळतं का?

नाही. काचेबाहेर काळोख, कानात चाकांचा आवाज. जिल्हा न्यायालय सोडून गाडीने वेग घेतला की पुढच्या मिनिटभरात कधीतरी तुम्ही नदीखाली असता. मुलं खिडकीला नाक लावून मासे शोधतात आणि निराश होतात. त्यांना सांगा, परत येताना निळसर गाडीने मंगळवार पेठेपर्यंत नेतो, तिथे नदी नक्की दिसेल. मासे तिथेही दिसणार नाहीत, पण तो मेट्रोचा दोष नाही.

पूर आला तर?

ज्या शहराने १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर मुठेचं रूप पाहिलं, तिथे हा प्रश्न विचारणं भित्रेपणाचं नाही. बोगदा स्वतः भक्कम खडकात, काँक्रीटच्या कड्याच्या आत आहे. नदीचं पाणी तळातून आत यायची भीती कमी. भुयारी स्थानकांना खरा धोका असतो तो दारातून, म्हणजे रस्त्यावरचं पाणी जिन्याने खाली यायचा. म्हणून अशा स्थानकांची प्रवेशद्वारं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवतात. आत येताना चार पायऱ्या चढून मग खाली उतरायचं, याचा कंटाळा करू नका. त्या पायऱ्या शोभेच्या नाहीत. झिरपणारं पाणी उपसायला तळाशी पंप असतातच.

जाता जाता: स्थानकाच्या शेजारीच अभियांत्रिकी महाविद्यालय, आपलं सीओईपी, १८५४ पासूनचं. तिथे शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी याच मुठेवर खडकवासल्याला १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, पुराचं पाणी सांभाळायला. मुठेशी हिशेब मांडत बसणं हे या परिसराचं जुनं काम आहे.

स्थानक कधी सुरू झालं?

दोन टप्प्यांत. पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं. पहिल्या गाड्या ६ मार्च २०२२ ला धावल्या, पण दोन टोकांना: वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी. त्या काळात मेट्रो म्हणजे नातवंडांना फिरवून आणायची गोष्ट होती, कामाला जायची नव्हे. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्गिका वाढून इथे येऊन भेटल्या आणि मग खरी मेट्रो सुरू झाली. बदलाचं स्थानक नसेल तर मार्गिका नुसत्या रेघा असतात. वनाजहून पिंपरीला एका तिकिटात जाता येऊ लागलं तो हा दिवस.

स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग आणखी वर्षभराने. उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला ठरलं होतं, पावसाने असा धुमाकूळ घातला की पंतप्रधानांचा दौराच रद्द झाला. २९ तारखेला ते दूरदृश्य प्रणालीने झालं. त्याच दिवशी स्वारगेट ते कात्रज या पुढच्या भुयारी टप्प्याची पायाभरणीही झाली.

मार्गिका बदलायची तर बाहेर पडून पुन्हा तिकीट काढायचं का?

नाही. तिकीट तपासणाऱ्या फाटकाबाहेर जाऊच नका. आतल्या आत, पाट्यांचे रंग पाहत जा: जांभळी खाली, निळसर वर. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत. ज्येष्ठांनी आणि सामान असणाऱ्यांनी लिफ्ट शोधावी. जिन्यांचे टप्पे बरेच आहेत आणि मधल्या मजल्यावर ‘आता कुठे’ असं होतंच.

नव्या माणसाने बदलासाठी हातात सात-आठ मिनिटं ठेवावीत, असा माझा अनुभव. रोजचा प्रवासी अर्ध्या वेळात पोचतो, कारण तो सरकत्या जिन्यावरही चालतो. (डाव्या बाजूला उभे राहा, त्याला जाऊ द्या. ही सूचना पुण्यात लिहून काही उपयोग नाही हे मला माहीत आहे.)

वेळ लागतो ही तक्रार रास्त आहे, पण तिच्यावर इलाज नाही. उन्नत फलाट आणि ३३ मीटर खोली, हे अंतर कोणत्याही नकाशाने कमी होत नाही. इलाज करता येण्यासारखी गोष्ट स्थानकाच्या बाहेर आहे: दारातून निघून रस्ता ओलांडणं. आत इतकी ऐसपैस जागा आणि बाहेर पाऊल टाकलं की वाहनांच्या लोंढ्याशी हुज्जत. स्थानक चांगलं की वाईट हे शेवटच्या दोनशे पावलांत ठरतं आणि ती पावलं अजून आत इतकी सुखाची नाहीत.

मावळ्यांच्या पगडीसारखं स्थानक हेच का?

ते नव्हे. पगडीचा आकार छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या स्थानकांना आहे. शिवाजीनगर भुयारी स्थानकाला किल्ल्याचं रूप दिलं आहे. जिल्हा न्यायालयाला असं काही पांघरूण नाही आणि मला तेच बरं वाटतं. खोली आणि उजेड हेच तिथलं नक्षीकाम.

हिंजवडीची मेट्रोही इथेच येणार ना?

हो. मार्गिका ३, हिंजवडी ते शिवाजीनगर, सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं. तिचं शेवटचं स्थानक याच परिसरात आहे. ती महामेट्रोची, म्हणजे आपल्या दोन मार्गिका चालवणाऱ्या कंपनीची नाही; पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून हाती घेतलेली आहे. तिची वीजसुद्धा वेगळी: आपल्या दोन मार्गिकांना डोक्यावरच्या तारेतून वीज मिळते, तिला रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून. म्हणजे तिथे तारा आणि खांबांचं जाळं दिसणार नाही. तीन मार्गिका एका जागी येणारं पुण्यातलं हे पहिलं ठिकाण. ११ एकर जास्त वाटत होते, ते इथे कळतं.

गणपतीत इथून जावं की टाळावं?

जावं, पण इथे उतरू नये. मानाचे गणपती बघायला कसबा पेठ किंवा मंडईला उतरा. २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो सलग ४१ तास धावली आणि वनाज, रामवाडीकडून येणारी सगळी गर्दी याच स्थानकात उतरून खालच्या गाडीत शिरत होती. त्या रात्री मुलांचा हात सोडू नका आणि ‘चुकलो तर कुठे भेटायचं’ हे घरूनच ठरवून निघा. खालचा फलाट नको. वरचं, तिकीट फाटकाजवळचं दालन ठरवा. तिथे आवाज कमी असतो आणि फोन लागायचीही शक्यता जास्त.

कोर्टाच्या कामाला येणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

तारीख अकराची असेल तर साडेदहाला फलाटावर उतरून चालणार नाही. वर यायला वेळ, बाहेर यायला वेळ, मग कोर्टाच्या दारावरची रांग. दहाला उतरा. वर आल्यावर ‘जिल्हा न्यायालय’ असा बाण असलेली पाटी बघा, कामगार पुतळ्याकडचं दार चुकून घेतलंत तर वळसा पडेल. आणि मामांसारखं करू नका: ते उजेड बघत बसले आणि आमची हाक गेली.